गटार उलटं वाहतं तेव्हा

गेल्या पावसाळ्यात पणजीच्या 18 जून रस्त्यावर एका दुकानाच्या पायरीवर अडकून पडलो होतो. पाऊस थांबून पाऊण तास झाला, तरी रस्त्यावर पोटरीभर पाणी. शेजारचे काका म्हणाले, "गटारं साफ केली नसणार, दुसरं काय!" मी जाळीकडे बघत होतो. पाणी तिच्यातून आत जात नव्हतं, बाहेर येत होतं. आणि त्याबरोबर सुपारीएवढा एक खेकडा.

गाळ आणि प्लास्टिक गुन्हेगार आहेतच. पण खेकड्याची साक्ष वेगळी होती. 1843 साली राजधानी झालेल्या या शहराचा बराच सखल भाग दलदल भरून उभा राहिला. इथलं पावसाचं पाणी सांत इनेज खाडीतून किंवा थेट मांडवीत जातं, आणि मांडवीला इथे भरती-ओहोटी आहे. उधाणाला पातळी साधारण दोन मीटर वर-खाली होते. आता समजा, गटाराला हजारास एक उतार आहे. म्हणजे किलोमीटरभरात एक मीटर. भरती तो सगळा उतार गिळून वर ढेकर देते.

यावर नगर अभियंत्यांचं उत्तर म्हणजे गटाराच्या तोंडाशी वरून बिजागरीने टांगलेली झडप. मोटर नाही, माणूस नाही. आतली पातळी चढली की पाणी तिला ढकलून बाहेर पडतं, बाहेरची चढली की तेच पाणी तिला दाबून बसवतं. एक मीटर लांबी-रुंदीची झडप पूर्ण बुडालेली असेल आणि बाहेरची पातळी फक्त 30 सेंटिमीटर जास्त असेल, तरी तिच्यावर सुमारे 300 किलो वजनाइतका दाब बसतो. पण फटीत एक करवंटी अडकली की संपलं, नदी गटारातून वर चढते. माझा खेकडा बहुधा याच वाटेने आला असावा.

आपल्याकडे हे नवीन नाही. खाजन म्हणजे खाडीकाठची, बांध घालून राखलेली सखल शेती; तिच्या बांधातली मानस हेच काम करते. लाकडी दार, भरतीला आपोआप बंद, ओहोटीला उघडं. शिवाय मानशीच्या आत पाणी थोपायला खोलगट पोंय असते, आणि खरी मेख तिथेच आहे. झडप मिटलेली असताना वरून पाऊस पडला तर ते पाणी थांबणार कुठे? एका हेक्टर काँक्रीटवर तासात 50 मिलिमीटर पाऊस म्हणजे पाच लाख लिटर. जांभ्याच्या उघड्या जमिनीने त्यातलं थोडं तरी पिऊन घेतलं असतं. शहरात पोंयीच्या जागी पार्किंग आलं, म्हणून मग पंप लावायचे.

भरती उतरू लागली तरी निचरा त्याच प्रमाणात जोर धरत नाही. वेग पातळीतल्या फरकाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो. फरक चौपट झाला, तर वेग जेमतेम दुप्पट. घर्षण धरलं तर हिशेब आणखी किचकट होतो, तो इथे सोडून देतो.

"अमावास्येला पणजी बुडतेच," असंही काका म्हणाले. अमावास्येचा दोष इतकाच की तेव्हा उधाण येतं. ते पौर्णिमेलाही येतं, पण तिला कोणी अवदसा म्हणत नाही. 'स्मार्ट' सेन्सर बसवले की पाणी ओसरेल, हाही त्याच जातीचा समज. सेन्सर पातळी सांगतो, उतार देत नाही.

साडेपाचच्या सुमारास जाळीवर छोटा भोवरा दिसू लागला. ओहोटी लागली होती. काकांनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि ते बसस्टँडच्या दिशेने निघाले.