भूकंपाचा नकाशा आणि आपला बेळगाव-निपाणी पट्टा : थोडी पार्श्वभूमी

पॅसिफिकभोवतीचं अग्निकंकण शाळेत सगळ्यांनीच काढलंय, त्यामुळं त्यात जात नाही. जगातल्या मोठ्या भूकंपांपैकी दहातले आठ तिथंच होतात, जिवंत ज्वालामुखीही बहुतेक तिथलेच. भूकंपांचा दुसरा मोठा पट्टा भूमध्य समुद्राकडनं हिमालयावरनं इंडोनेशियाकडं जातो. एकोणिसाव्या शतकात एका आयरिश इंजिनिअरनं जुन्या नोंदी गोळा करून जगाचा भूकंप-नकाशा काढला होता, पण धक्क्यांच्या अचूक जागा कळायला लागल्या त्या 1960 च्या दशकात, आणि त्याही अणुचाचण्या पकडायला जगभर यंत्रं बसवली म्हणून.

त्याच दशकात आपल्याकडं मात्र या नकाशाला तडा गेला. दख्खनचं पठार प्लेटच्या (पृथ्वीच्या कवचाच्या सरकत्या तुकड्याच्या) कडेपासून लांब, म्हणजे घट्ट आणि सुरक्षित, असंच तोवर बहुतेक जण धरून चालले होते. 11 डिसेंबर 1967 ला पहाटे कोयनेत 6.3 चा भूकंप झाला, कोयनानगर बसलं आणि हादरा बेळगावपर्यंत आला. धरणात पाणी भरायला लागल्यावर तिथं धक्के सुरू झाले होते आणि ते अजून थांबलेले नाहीत. पाण्यामुळं आधीच ताणलेली भेग सरकली असं आता बहुतेक तज्ज्ञ मानतात. पुढं याच अभ्यासासाठी कोयना भागात 3 किलोमीटर खोल बोअर मारलं.

खरा वाद आहे तो देशाच्या झोनच्या नकाशावर, म्हणजे कुठं भूकंपाचा किती धोका आणि त्याप्रमाणं बांधकाम किती मजबूत करायचं ते रंगानं दाखवणाऱ्या नकाशावर. पहिला नकाशा 1962 चा, त्यात शून्य ते सहा असे सात झोन. कोयनेनंतर 1970 मध्ये पाच केले. मग 30 सप्टेंबर 1993 ला किल्लारी झालं, तेही पहिल्या, म्हणजे सगळ्यात कमी धोक्याच्या झोनमध्ये. जवळजवळ दहा हजार माणसं गेली. 2002 ला तो पहिला झोनच काढून दुसऱ्यात मिसळला आणि किल्लारीचा भाग तिसऱ्यात टाकला. टीका करणारे म्हणतात, आधी भूकंप होतो आणि मागनं रंग बदलतो, मग नकाशाचा उपयोग काय, भेगा मोजून आणि पुढची शक्यता काढून झोन ठरवा. दुसऱ्या बाजूचं म्हणणं, झोन वाढला की लोखंड वाढतं, बांधकाम महागतं, ते गरिबाला परवडत नाही. दोन्हीत तथ्य आहे, पण मला विचाराल तर पहिला झोन काढला ते बरोबरच केलं, कारण त्या रंगाकडं बघून लोक गाफील राहिले.

2002 च्या त्या नकाशात बेळगाव तिसऱ्या झोनमध्ये आहे, कोल्हापूरही. सीमेवरनं इतकी वर्षं आपण भांडतोय पण कागल ओलांडून निपाणीत आलं तरी हा रंग बदलत नाही. आणि झोन लागतो तो नव्या बांधकामाला. अथणी-चिकोडीकडं अजून दगडमातीच्या जाड भिंती आणि वर मातीचं माळवद अशी जुनी घरं आहेत, किल्लारीला असल्याच घरांनी माणसं मारली. तिथल्या भिंती दोन पदरी, मधे नुसती खडी-माती, दोन्ही पदर बांधून ठेवणारा आरपार दगड नाही, त्यामुळं हादऱ्यात बाहेरचा पदर सुटला आणि काही टन माती झोपलेल्यांच्या अंगावर आली. जुनं घर पाडायला पैसे नसले तर निदान माळवदावरची माती तरी कमी करावी, कोपरे आणि भिंती एकमेकांना बांधून घ्याव्यात, हे मी गावात सगळ्यांना सांगत असतो.

ज्वालामुखीचं विचाराल तर आपल्या काळ्या रानाखालचा खडक लाव्हाचाच, पण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, कधीच थंड झालेला. गोकाकचा धबधबा ज्या वालुकाश्मावरनं पडतो तो तर त्याहूनही कितीतरी जुना. देशातला एकमेव जिवंत ज्वालामुखी अंदमानातल्या बॅरन बेटावर आहे, तो 1991 पासनं अधनंमधनं जागा होतो.