‘पैसे कुठे गुंतवू?’ हे विचारण्याआधी

आमच्याकडे पहिल्यांदा येणारे बहुतेक जण एकच प्रश्न घेऊन येतात: “सध्या पैसे कुठे टाकावेत?” त्यावर आमचा उलट प्रश्न ठरलेला: “ते तुम्हाला परत कधी लागणार आहेत?” काहींना ही टाळाटाळ वाटते. पण पैसे कुठे ठेवायचे याचं निम्म्याहून अधिक उत्तर त्या तारखेतच असतं.

मुलांचं शिक्षण, स्वतःचं घर, निवृत्ती या झाल्या इच्छा. त्यांच्यापुढे वर्ष आणि रक्कम लिहिली की हिशेब करता येतो. आणि रक्कम आजच्या भावाने लिहून भागत नाही. महागाई वर्षाला ६ टक्के धरली तर १२ वर्षांत तोच खर्च दुप्पट होतो. (७२ ला टक्केवारीने भागलं की दुपटीला लागणारी वर्षं साधारण कळतात, हा आडाखा तोंडी जमतो.) म्हणजे आजची फी धरून १२ वर्षं बचत करणाऱ्याच्या हाती ऐन प्रवेशाच्या वेळी गरजेच्या निम्मीच रक्कम असेल.

आता तारखेकडे वळू. तीन वर्षांच्या आत लागणारे पैसे शेअर बाजारात ठेवू नयेत, असं आमचं स्पष्ट मत आहे. गुंतवणूक ५० टक्क्यांनी पडली तर मूळ आकड्यावर परतायला तिला १०० टक्के वाढावं लागतं, आणि घराचा हप्ता काही तोवर थांबत नाही. असे पैसे बँकेच्या ठेवीत बरे. व्याज कमी मिळेल, पण ठरल्या दिवशी रक्कम जागेवर असेल. पंधरा-वीस वर्षं दूर असलेल्या उद्दिष्टाचं याच्या उलट. तिथे सगळी भिस्त ठेवींवर ठेवली तर महागाई रक्कम कुरतडत राहते, आणि पासबुकात ते कुठेच दिसत नाही. म्हणून लांबच्या उद्दिष्टासाठी शेअर्सचा वाटा मोठा ठेवावा आणि तारीख जवळ येईल तसा तो थोडाथोडा ठेवींकडे वळवावा. हे शेवटचं काम लोक हमखास विसरतात. बाजार वर असताना पैसे काढायला कोणाचा हात धजत नाही!

उशिराची किंमतही पाहून घ्या. परतावा वर्षाला ८ टक्के धरू. एखादी रक्कम २० वर्षांत जमवायला दरमहा १,००० लागत असतील, तर तीच १० वर्षांत जमवायला दरमहा सुमारे ३,२२० लागतात. मुदत निम्मी झाली की हप्ता दुप्पट होत नाही, तिपटीच्याही वर जातो. परतावा मात्र आम्ही हिशेबासाठी धरलेला आहे. बाजाराच्या परताव्याची हमी कोणी देत असेल तर तिथून उठून या.

शुल्काकडेही लक्ष असू द्या. वर्षाला १ टक्का ऐकायला किरकोळ वाटतो, पण एकरकमी गुंतवणूक २५ वर्षं ८ ऐवजी ७ टक्क्यांनी वाढली तर शेवटची रक्कम जवळजवळ पाचव्या हिश्श्याने कमी भरते. आमचं शुल्कही यातच आलं, तेव्हा ते निःसंकोच विचारा.

क्रेडिट कार्डाची थकबाकी असेल तर आधी ती फेडा. तेवढं व्याज कोणतीही गुंतवणूक भरवशाने मिळवून देत नाही. त्यानंतर तीन ते सहा महिन्यांचा घरखर्च हाताशी ठेवा. नाहीतर पहिल्याच आजारपणात लांबची गुंतवणूक मोडावी लागते.

पहिल्या भेटीला येताना गेल्या सहा महिन्यांचे बँक खात्याचे उतारे, कर्जांचे तपशील आणि विम्याचे कागद आणावेत. पती-पत्नी दोघे येणार असाल तर उद्दिष्टांची यादी एकमेकांना न दाखवता वेगवेगळी लिहून आणा. दोन याद्या क्वचितच जुळतात, आणि आमची पहिली बैठक बहुतेक वेळा त्यातच संपते.