पक्षी खातात ते फळ मुलांना चालतं का?

बागेत पडलेलं रंगीत फळ लहान मूल उचलणार आणि तोंडात घालणार, हे धरूनच चालावं. मग ‘पक्षी खातात, म्हणजे बिनविषारी असणार’ हा समज धोक्याचा ठरतो. पुष्कळ पक्षी फक्त गर पचवतात, बी अख्खी बाहेर टाकतात. मूल ती चावतं, आणि कित्येक झाडांचं विष नेमकं बीमध्येच साठलेलं असतं.

बकाण निंबाचंच पाहा. पानं गळून गेली तरी त्याच्या पिवळ्या फळांचे घोस झाडावर लटकत राहतात आणि पक्षी ती खातात. माणसाला मात्र त्या फळांनी उलट्या-जुलाब होतात, जास्त पोटात गेली तर मज्जासंस्थेवरही परिणाम होतो. कडुनिंबाशी याची सहज गल्लत होते. फरक पानात आहे. कडुनिंबाच्या मधल्या देठावर पर्णिका, म्हणजे एकाच पानाचे पानासारखे दिसणारे छोटे भाग, थेट दोन्ही बाजूंना येतात. बकाणात त्या देठाला आधी फाटे फुटतात आणि पर्णिका त्या फाट्यांवर येतात. पण एक पान कुठून कुठपर्यंत धरायचं? फांदीला जिथे देठ चिकटतो तिथे बेचक्यात बारीक कळी असते, पर्णिकेच्या बेचक्यात ती नसते. ही एक खूण डोळ्यांत बसली की झाडं ओळखणं खूप सोपं होतं. फुलोरा असेल तर प्रश्नच नाही: कडुनिंबाचा पांढरा, बकाणाचा जांभळट.

मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती पिवळ्या कण्हेरीची, म्हणजे बिट्टीची. अरुंद लांब पानं, तोडताच पांढरा चीक, पिवळी घंटेसारखी फुलं आणि कोनदार हिरवं फळ, जे पुढे काळं पडतं. त्यातली द्रव्यं हृदयाच्या पेशींमधला सोडियम-पोटॅशियमचा पंप रोखतात. ठोके मंदावतात, अनियमित होतात, जीवही जाऊ शकतो. बी वाळली तरी विष टिकतं. मुलं खेळतात तिथे हे झाड लावूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

मोगली एरंडाच्या बिया चवीला बऱ्या लागतात, म्हणून मुलं एकीवर थांबत नाहीत. गुंजेचा वेल कुंपणावर चढलेला असतो. तिची कठीण बी अख्खी गिळली गेली तर बहुधा तशीच बाहेर पडते, पण चावली किंवा भोक पाडलेली असली तर आतलं अ‍ॅब्रिन हे विष पेशींमधली प्रथिननिर्मिती बंद पाडतं.

मोबाइल अ‍ॅपला नुसत्या फळाचा फोटो दाखवून आलेल्या उत्तरावर विसंबू नका. पानांसकट फांदी, फूल आणि कापलेलं फळ जाणकाराला दाखवा.

मुलाने काही खाल्लंच, तर तोंडातले तुकडे काढा आणि चूळ भरायला लावा. उलटी करायला लावू नका. फळासह फांदी पिशवीत घालून लगेच रुग्णालय गाठा, मूल मजेत खेळत असलं तरी. गुंज किंवा साधा एरंड (मोगली नव्हे) खाल्ल्याची लक्षणं काही तासांनी, कधी त्याहूनही उशिरा दिसतात.