सोळा दिवसांत सगळं संपत नाही

शहापुरात आमच्या गल्लीतल्या एका काकूंना थायरॉइडसाठी किरणोत्सारी आयोडीन दिलं. घरी सोडताना बजावलं, काही दिवस नातवंडांना जवळ घ्यायचं नाही. संध्याकाळी कट्ट्यावर त्यांच्या दिरांनी मला हिशेब ऐकवला, "आठ दिवसांत अर्धं संपतंय म्हणे सर. मग सोळा दिवसांत खल्लास की ओ!"

तसं नसतं. या औषधातल्या आयोडीन-131चं अर्धायुष्य, म्हणजे निम्मं उरायला लागणारा वेळ, 8 दिवस. सोळा दिवसांनी पाव उरतं, चोवीस दिवसांनी अर्धपाव. (लघवीवाटे बरंच आयोडीन आधीच निघून जातं, तो हिशेब वेगळा.) कारण अणुकेंद्राला म्हातारपण नाही. आठ दिवस टिकलेलं केंद्र आज तयार झालेल्या केंद्राइतकंच कोवळं असतं; पुढच्या आठ दिवसांत क्षय होण्याची शक्यता दोघांचीही निम्मी. उष्णता, आम्ल, लिंबू-मिरची, कशानेही यात फरक पडत नाही. भिंतीवरचं शेणाचं सारवण या आयोडीनचे गॅमा किरण (केंद्रातून निघणारे भेदक किरण) अडवतं असंही कुणी सांगतं. अडवत नाही.

आता सरासरी आयुष्य. काही केंद्रं महिना-दोन महिने चिवटपणे टिकतात आणि सरासरी वर ओढतात. म्हणून ती अर्धायुष्याच्या 1.44 पट येते : 11.6 दिवस, म्हणजे जवळजवळ नेमके दहा लाख सेकंद! तोवर 37 टक्के केंद्रं शिल्लक असतात. अर्धायुष्य ही आपल्या सोयीची मोजणी. पुढे येणाऱ्या सूत्रात बसतं ते सरासरी आयुष्यच.

आणि त्या आयुष्याला चिकटून येते ती रुंदी, माझी खरी आवड. तंबोऱ्याची जोड लावताना दोन तारांत सेकंदाला एका कंपनाचा फरक असेल, तर सेकंदाला एक हेलकावा ऐकू येतो. फरक दहाव्या हिश्श्याचा असेल, तर एका हेलकाव्यासाठी दहा सेकंद कान लावावा लागतो. तार दोन सेकंदांतच विझली तर? तो फरक कळायचाच नाही. सूर जितका टिकतो, तितकाच नेमका. अणुकेंद्राच्या ऊर्जेचंही तसंच. अवस्था अल्पायुषी असेल तर तिची ऊर्जा पसरट, दीर्घायुषी असेल तर रेखीव. या पसरटपणालाच रुंदी म्हणतात. रुंदी गुणिले सरासरी आयुष्य नेहमी एकच येतं : 6.6 × 10⁻¹⁶ इलेक्ट्रॉन-व्होल्ट-सेकंद (इलेक्ट्रॉन-व्होल्ट हे ऊर्जेचं चिमुकलं माप). काकूंच्या आयोडीनची रुंदी काढली तर दशांशचिन्हानंतर एकवीस शून्यं आणि मग 66. ती मोजायच्या भानगडीत कुणी पडत नाही.

पण लोह-57ची, म्हणजे लोखंडाच्या एका प्रकारच्या अणूची, मोजता येते. त्याची 14,400 इलेक्ट्रॉन-व्होल्टची उत्तेजित (जादा ऊर्जेची) अवस्था सरासरी 141 नॅनोसेकंद टिकते, रुंदी 4.7 × 10⁻⁹ इलेक्ट्रॉन-व्होल्ट. बेळगाव ते मुंबई अंतर मोजावं आणि चूक केसाच्या जाडीच्या शेकडो भागांतल्या एका भागाएवढी असावी, इतकी ही रेषा बारीक. अडचण एकच : गॅमा किरण सोडताना केंद्र बंदुकीसारखं मागे हिसका खातं आणि ऊर्जा बिघडते. स्फटिकात घट्ट बसलेल्या केंद्रांपैकी काही हा हिसकाच खात नाहीत, हे रूडॉल्फ मॉसबाउर यांनी 1958 साली दाखवलं. 1961 साली नोबेल मिळालं.

मग किरणांचा उगम गोगलगायीच्या चालीने, सेकंदाला एक मिलिमीटर, सरकवला तरी किरणाची ऊर्जा दहा रुंदींइतकी ढळते. समोरचं लोखंड किरण गिळायचं थांबतं. खनिजागणिक लोखंडाच्या केंद्राची ऊर्जा किंचित बदलते. कोणत्या वेगाला ते पुन्हा गिळतं हे पाहायचं, की ते लोखंड कोणत्या खनिजात बसलंय ते कळतं. खानापूरकडची जांभ्याची तांबडी माती चपलेला चिकटते ना, तिचा रंग लोखंडाचा, आणि त्यातले शंभरातले दोन अणू लोह-57चेच. चिमूटभर माती पुरते. 2004 साली ऑपॉर्च्युनिटी गाडीवरच्या अशाच यंत्राने मंगळावरच्या खडकात जॅरोसाइट ओळखलं, पाण्याशिवाय न बनणारं लोहखनिज.