क्रिएटिनिन नॉर्मल, तरी किडनी आजारी: ही जाण कशी आली

1827 साली लंडनच्या गायज हॉस्पिटलमध्ये रिचर्ड ब्राइट सूज आलेल्या रुग्णांची लघवी चमच्यात घेऊन मेणबत्तीवर तापवत. ती अंड्याच्या पांढऱ्यासारखी गोठली की किडनीतून प्रथिन गळतंय हे कळे. पुढे रक्तातलं क्रिएटिनिन, म्हणजे स्नायूंतून येणारा आणि किडनीने गाळून टाकायचा कचरा, मोजता येऊ लागलं आणि लघवीची तपासणी मागे पडली. इथेच घोळ झाला. एक किडनी दान केलेल्या माणसाचं क्रिएटिनिनही बहुधा नॉर्मलच असतं; म्हणजे दोनातली एक किडनी गेली तरी रिपोर्ट गप्प राहू शकतो.

2002 मध्ये अमेरिकेतल्या तज्ज्ञांनी आजाराची नवी व्याख्या केली: गाळण्याचा वेग, म्हणजे ईजीएफआर, 60च्या खाली किंवा लघवीत प्रथिनासारखी बिघाडाची खूण, आणि हे तीन महिन्यांहून जास्त. आजाराच्या पाच पायऱ्या ठरल्या, त्यामुळे डायलिसिसच्या कितीतरी आधी त्याला नाव मिळालं. 2006 पासून मार्चचा दुसरा गुरुवार जागतिक किडनी दिन झाला.

मुंबईत मात्र किडनीचा विषय अजूनही बहुतेक घरांत डायलिसिसपासूनच सुरू होतो: आठवड्यातून तीनदा, चार-चार तास. ज्यांना डायबेटिस किंवा बीपी आहे त्यांनी वर्षातून एकदा ईजीएफआरबरोबर लघवीचं एसीआरही (लघवीतल्या अल्ब्युमिन या प्रथिनाचं क्रिएटिनिनशी प्रमाण) करून घ्यावं. सकाळची पहिली लघवी उत्तम. एसीआरचा आकडा 30 (मिलिग्रॅम प्रति ग्रॅम) किंवा वर आला तर घाबरू नका. ताप, जंतुसंसर्ग, पाळी किंवा आदल्या दिवशीचा जोरदार व्यायाम यांनीही तो चढतो. तीन महिन्यांत पुन्हा तपासा.

मिठाची मर्यादा दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे चहाचा सपाट चमचाभरही नाही. त्यात पापड, लोणचं, फरसाण आणि वडापावमधला पावसुद्धा धरायचा.

पेनकिलरचा धोका मुंबईकरांना खरं तर मलबार हिलवरून कळायला हवा होता. पारशी जिथे मृतदेह गिधाडांसाठी ठेवतात त्या डुंगरवाडीवरची गिधाडं नाहीशी झाली. देशभर गिधाडं मेली ती डायक्लोफेनॅक ही पेनकिलर दिलेल्या गुरांचं मांस खाऊन, किडनी निकामी होऊन. 2006 मध्ये जनावरांसाठी हे औषध बंद झालं. माणसाला एका गोळीने असं होत नाही. पण हेच औषध किडनीकडे जाणारी रक्तवाहिनी आकसवतं. गुडघेदुखीसाठी मेडिकलमधून परस्पर आणलेली गोळी महिनोन्‌महिने चालू असेल, त्यात बीपीची आणि लघवी जास्त होण्याची गोळीही असेल, तर एखादा जुलाबाचा दिवससुद्धा किडनी बंद पाडू शकतो. डॉक्टरांना औषधं सांगताना ही गोळी हमखास राहून जाते, कारण घरात तिला कोणी औषध म्हणतच नाही.