राउटर लावला की वीज जाते: एमसीबी पडतोय की आरसीसीबी?

राउटरचा अडॅप्टर प्लगात घातला, बटण दाबलं आणि घरात अंधार. मग इंटरनेटवाल्याला फोन जातो. तो म्हणतो, ‘लाइटचा प्रॉब्लेम आहे, वायरमनला बोलवा.’ वायरमन येऊन म्हणतो, ‘तुमच्या मशीनमध्येच शॉर्ट आहे.’ या टोलवाटोलवीत एक साधा प्रश्न विचारायचा राहूनच जातो: दाराजवळच्या डीबीत (खटक्यांच्या पेटीत) जो खटका पडला, तो नेमका कोणता होता?

डीबीतले खटके दिसायला इतके सारखे, की बोलताना सगळ्यांनाच ‘एमसीबी’ म्हणायची सवय झाली आहे. बोटाएवढा अरुंद, अंगावर ‘सी ६’, ‘सी १०’, ‘सी १६’ असं काही छापलेलं, तो एमसीबी. त्याच्या दुप्पट रुंद (घरी थ्री फेज असेल तर चौपट), ‘टी’ किंवा ‘टेस्ट’ लिहिलेलं छोटं बटण आणि कुठेतरी ३० एमए (मिलिअँपिअर) हा आकडा, तो आरसीसीबी. जुने वायरमन त्याला ईएलसीबी म्हणतात; त्यांना काय म्हणायचंय ते सगळ्यांना कळतं, वाद घालू नये. फसगत होते ती आयसोलेटरमुळे, म्हणजे हातानं वीज तोडायच्या मेन खटक्यामुळे. तोही दुप्पट रुंद असतो, पण त्याला टेस्टचं बटण नसतं आणि तो आपणहून कधी पडत नाही. नव्या इमारतींत आरसीबीओही दिसतो. त्यात एमसीबीचं आणि आरसीसीबीचं अशी दोन्ही कामं एकाच डबीत असल्यामुळे तो पडला, तर कशामुळे पडला ते नुसतं बघून सांगता येत नाही.

एमसीबी बघतो तो एकूण करंट. त्यात दोन धातूंची एक पट्टी असते. ठरल्यापेक्षा जास्त करंट बराच वेळ वाहिला, की ती तापून वाकते आणि खटका पाडते. शिवाय एक कॉइल असते. शॉर्ट सर्किट झालं की ती क्षणात खटका ओढते. ‘सी १६’ मधल्या ‘सी’चा अर्थ एवढाच, की ही कॉइल १६ अँपिअरच्या पाच ते दहापट, म्हणजे ८० ते १६० अँपिअरला जागी होते. एमसीबीचं काम भिंतीतली वायर जळू नये एवढंच. माणसाला शॉक बसतोय की नाही, याच्याशी त्याला देणंघेणं नाही.

आरसीसीबीला एकूण करंट किती आहे याचं सोयरसुतक नसतं. फेज आणि न्यूट्रल या दोन्ही तारा त्याच्या आतल्या एका लोखंडी कड्यातून जातात. जेवढा करंट फेजनं गेला तेवढाच न्यूट्रलनं परत आला, तर दोघांचे परिणाम एकमेकांना खोडतात. परत येताना कमी पडला, म्हणजे तो कुठूनतरी जमिनीत उतरतोय: कुणाच्या अंगातून, गिझरच्या फुटक्या कॉइलमधून, ओल्या बोर्डातून. फरक ३० मिलिअँपिअर झाला, की आरसीसीबी सेकंदाच्या फार तर एक तृतीयांशात पडतो. फरक मोठा असेल तर त्याहूनही लवकर. खरं तर तो १५ ते ३० च्या मध्ये कुठेही पडू शकतो. प्रमाणभूत नियमच तसा आहे, त्यामुळे १८ ला पडणारा आरसीसीबी खराब नसतो.

आता राउटर. १२ व्होल्ट, १ अँपिअरचा अडॅप्टर भिंतीतून जेमतेम ०.१ अँपिअर ओढतो. १६ अँपिअरच्या एमसीबीसाठी हा त्याच्या मर्यादेचा १६० वा भाग. पण ०.१ अँपिअर म्हणजे १०० मिलिअँपिअर, आणि आरसीसीबीची मर्यादा ३०. म्हणजे राउटरचा हा नगण्य करंट जर चुकीच्या वाटेनं परतला, तर आरसीसीबी पाडायला तो तिपटीनं पुरेसा आहे. ‘एवढ्याशा राउटरनं घर कसं बंद पडेल?’ या प्रश्नाचं उत्तर कोणता खटका पडला त्यावर अवलंबून आहे ते असं.

एमसीबी पडला असेल तर मामला बहुधा सोपा. जास्त लोडचं कारण राउटरला लागूच होत नाही, तेव्हा उरलं शॉर्ट. अडॅप्टरच्या आत शॉर्ट झालं तर सहसा त्यातला नखाएवढा फ्यूज उडतो. एमसीबी पडलाच तर एकदा पडतो, पुन्हा वर केला की राहतो आणि राउटरचे दिवे मात्र लागत नाहीत. तसं झालं तर अडॅप्टर बदला, विषय संपला. दर वेळी पडत असेल तर प्लग, सॉकेट आणि एक्स्टेन्शनची वायर बघायची: जळकट वास, पिवळं पडलेलं प्लास्टिक, बोर्डात शिरलेल्या मुंग्या किंवा पाल. आणि अर्ध्या-पाऊण तासानं पडत असेल तर राउटरला सोडून द्या. १० अँपिअरच्या एकाच लाइनवर इंडक्शन आणि इस्त्री चालली की १३ अँपिअर होतात. एवढ्या करंटला एमसीबी लगेच पडत नाही, पट्टी तापायला वेळ घेते. राउटर बिचारा त्याच लाइनवर आहे म्हणून बंद पडतो आणि दिसायला तोच सगळ्यात आधी दिसतो, कारण नेट गेलेलं सगळ्यांना लगेच कळतं.

आरसीसीबी पडला तर मात्र शोध लागतो. त्यातही पहिली अडचण अशी, की राउटरचा अडॅप्टर असतो दोन पिनांचा. अर्थिंगची पिनच नाही, मग करंट जमिनीत जाणार कुठून? बाकी राहिली ती राउटरला मागून जोडलेली केबल. केबल टीव्हीच्या वायरवरून नेट येत असेल, तर त्या वायरीची बाहेरची जाळी गच्चीवर किंवा जिन्यातल्या पेटीत कुठेतरी अर्थ झालेली असू शकते. वीज कडाडून अडॅप्टरच्या आतलं इन्सुलेशन फुटलं असेल, तर फेज त्या जाळीतून थेट जमीन गाठतो. तपासायला सोपं आहे: राउटरच्या सगळ्या केबली काढून ठेवा आणि अडॅप्टर एकटाच लावा. आता खटका पडला नाही, केबल जोडली की पडला, तर वाट सापडली. तो अडॅप्टर पुन्हा वापरू नका, कारण राउटरच्या धातूच्या भागांवरही त्यानं फेज आणलेला असू शकतो. हीच केबल फायबरची असेल तर हा संशय घेण्याची गरज नाही. काचेच्या धाग्यातून वीज जात नाही. आणि कनेक्टरला हात लागल्यावर नुसती चुणचुण होते, ती या प्रकारातली नव्हे. अडॅप्टरच्या आत मुद्दामच एक छोटा कपॅसिटर असतो, त्यातून झिरपणारा तो करंट आरसीसीबीच्या खिजगणतीतही नसतो.

माझा सगळ्यात मोठा संशय राउटरवर नसतोच. तो असतो त्याच्याखालच्या स्पाइक गार्डवर. टीव्ही, सेट टॉप बॉक्स, राउटर, फायबरची डबी या सगळ्यांना मिळून एक बोर्ड, तोही टीव्हीच्या मागे, वर्षानुवर्षं धुळीत पडलेला. तो उघडलात तर आत नाण्याएवढ्या निळ्या चकत्या दिसतील. त्यांना एमओव्ही म्हणतात. व्होल्टेज अचानक चढलं की त्या ते स्वतःतून वळवतात, आणि दर झटक्याबरोबर थोड्या थोड्या झिजतात. चांगल्या बोर्डात तीन चकत्या असतात: एक फेज-न्यूट्रल, एक फेज-अर्थ, एक न्यूट्रल-अर्थ. झिजलेली फेज-अर्थ चकती नेहमीच्या २३० व्होल्टलाही करंट गाळू लागते, थेट अर्थिंगमध्ये. कडेनं काळपट पडलेली किंवा तडकलेली चकती दिसली, की चोर सापडला समजा. स्वस्त बोर्डात बऱ्याचदा फेज-न्यूट्रल ही एकच चकती असते, त्यामुळे तो आरसीसीबी पाडत नाही आणि लोक म्हणतात, ‘महागाचा घेतला आणि तोच त्रास देतोय!’ बोर्ड उघडायची हौस नसेल तर उघडू नका. तो बाजूला ठेवून राउटर सरळ भिंतीतल्या सॉकेटला लावा, तेवढ्यानंही कळतं.

याच बोर्डातली न्यूट्रल-अर्थ चकती गेली असेल, किंवा भिंतीत कुठे न्यूट्रल अर्थिंगला टेकला असेल, तर प्रकार आणखी चकवा देणारा. आपल्याकडच्या सॉकेटचं बटण बहुधा फक्त फेज तोडतं. एकेरी एमसीबीही फक्त फेजच तोडतो. न्यूट्रल जोडलेलाच राहतो. म्हणून बटण बंद, एमसीबी खाली, तरीही बिघाड सर्किटमध्ये हजर असतो. घरात दुसरीकडे गिझर लावला, की न्यूट्रलमधून परतणाऱ्या करंटचा थोडा वाटा या टेकलेल्या जागेतून अर्थिंगकडे वळतो आणि आरसीसीबी पडतो. आळ गिझरवर, बिघाड टीव्हीमागे. तेव्हा तपासताना नुसती बटणं बंद करून भागत नाही, प्लग उपटून बाहेर काढावा लागतो. एवढी एक गोष्ट पाळली तरी निम्मे घोळ सुटतात.

इन्व्हर्टर असलेल्या घरांत न्यूट्रलचा दुसरा घोळ असतो. नंतर बसवलेल्या इन्व्हर्टरला जोडताना फेज आरसीसीबीतून पुढे आलेला घेतला आणि न्यूट्रल मात्र आरसीसीबीच्या आधीचा मिळाला, तर राउटरचे ते १०० मिलिअँपिअर आरसीसीबीला परत आलेले दिसतच नाहीत. राउटर ठणठणीत, अडॅप्टर ठणठणीत, गळती शून्य, तरी खटका पडतो. दुसरा अडॅप्टर, मोबाइलचा चार्जर, काहीही त्या सॉकेटला लावलं तरी पडतो, ही त्याची खूण. खोलीगणिक वेगळा आरसीसीबी किंवा आरसीबीओ असेल आणि हॉलच्या फेजला बेडरूमचा न्यूट्रल जोडलेला असेल, तरी हेच होतं. हे काम वायरमनचं. पण त्याला ‘राउटर खराब आहे का बघा’ असं न सांगता ‘न्यूट्रल मिसळलाय का बघा’ असं सांगितलं, तर तासभर वाचतो.

आणि कधी कधी खरोखरच कुणी एक गुन्हेगार नसतो. डेस्कटॉप, टीव्ही, वॉशिंग मशीन, इन्व्हर्टर एसी यांच्या आत अर्थिंगला जोडलेले फिल्टरचे कपॅसिटर असतात. ४.७ नॅनोफॅरडचा एक कपॅसिटर २३० व्होल्टला साधारण ०.३४ मिलिअँपिअर सोडतो. ही कायदेशीर गळती आहे, पण ती साठत जाते. कायमची गळती ९ मिलिअँपिअरच्या आत राहावी, म्हणजे ३० च्या आरसीसीबीला श्वास घ्यायला जागा उरते, असा ठोकताळा आहे. त्यात पावसाळा आला, बाल्कनीतल्या दिव्यात पाणी झिरपलं, गिझरची कॉइल थकलेली, की पंधराची हद्द गाठली जाते. मग शेवटी जे लावाल त्यावर आळ. काही दिवस बरं चालतं, पावसात पडतं, ऊन पडलं की पुन्हा ठीक, असं असेल तर राउटरचा नाद सोडून ओलीचा माग काढा.

शोधायचा क्रम असा ठेवा. कोरड्या हातांनी सगळे प्लग काढा, सगळे एमसीबी खाली करा, आरसीसीबी वर करा. तो राहतो का बघा. मग एकेक एमसीबी वर. प्लग काढलेले असतानाच एखाद्यावर पडला, तर दोष वायरिंगमध्ये किंवा गिझर, दिवे, पंखे अशा कायम जोडलेल्या वस्तूंत. सगळे राहिले तर एकेक प्लग परत लावत जा, स्पाइक गार्ड सगळ्यात शेवटी, आणि तोही आधी रिकामा. वायरमनकडे लीकेज क्लॅम्प मीटर असेल तर फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकत्र त्याच्या जबड्यात धरून गळतीचा आकडा सरळ वाचता येतो. मेगर (वायरचं इन्सुलेशन तपासायचं यंत्र) लावणार असेल तर त्याआधी राउटर, टीव्ही सगळं काढून ठेवायला सांगा. ५०० व्होल्ट त्यांना सोसणार नाहीत.

दोन उपाय मात्र कुणी सुचवले तर ठाम नकार द्या. वारंवार एमसीबी पडतो म्हणून १६ च्या जागी ३२ बसवणं: वायर जुनीच राहते आणि आता ती एमसीबीच्या आधी तापते. आणि आरसीसीबी पडतो म्हणून तो ‘डायरेक्ट’ करणं, किंवा ३० काढून १०० मिलिअँपिअरचा घालणं. शंभरचा आगीपासून थोडंफार वाचवेल, पण अंगातून जाणाऱ्या करंटपासून माणसाला वाचवायला ३० च लागतो. तोही फेज आणि न्यूट्रल दोन्हींना एकदम हात लागला तर काही करू शकत नाही, कारण मग गळती अशी होतच नाही.

गळती साठल्यानंच त्रास होत असेल तर खर्च करायचा तो लाइनी वाटून घेण्यावर. हॉलमधल्या इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या लाइनला वेगळा ३० मिलिअँपिअरचा आरसीबीओ, तोही ए टाइपचा, कारण अशा वस्तूंची गळती आरसीबीओच्या साध्या ‘एसी’ (अल्टरनेटिंग करंट) टाइपला नेहमी नीट ओळखता येत नाही. फ्रिजची लाइन दुसऱ्या आरसीबीओवर. पुढच्या वेळी टीव्हीमागची चकती गेली आणि घरात कुणी नसलं, तरी फ्रिजमधलं दूध नासणार नाही.