भंगारात आलेल्या वस्तूची ओळख

भंगारात आलेला सपाट पडद्याचा टीव्ही बाहेरून पाहून त्यात पारा आहे की नाही, हे सांगता येत नाही. जुन्या एलसीडी टीव्हींमध्ये पडद्यामागचा उजेड पेन्सिलीपेक्षाही बारीक अशा काचेच्या नळ्यांतून येत असे आणि प्रत्येक नळीत थोडा पारा असे. पुढे या नळ्यांची जागा एलईडींनी घेतली आणि पारा गेला. मोठ्या पडद्यामागे अशा अनेक नळ्या ओळीने बसवलेल्या असतात. टीव्ही फोडताना त्या फुटल्या, की पाऱ्याची वाफ कामगाराच्या श्वासात जाते. मॉडेल नंबरवरून हा धोका आधीच कळू शकतो, पण मागचे स्टिकर बहुधा फाटलेले किंवा पुसट झालेले असते, आणि नंबर वाचता आला तरी त्या मॉडेलच्या आत काय आहे हे सांगणारी माहिती कामगाराच्या हाताशी नसते.

फ्रिजचेही असेच आहे. कॉम्प्रेसरजवळच्या पाटीवर आर-१३४ए (थंडाव्यासाठी भरलेल्या वायूचे नाव) लिहिलेले असेल, तर तो वायू हवेत सोडणे म्हणजे तितक्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडच्या हजार पटींहून अधिक तापमानवाढीला हातभार लावणे. आर-६००ए असेल, तर तो आयसोब्युटेन, म्हणजे ठिणगी पडताच पेट घेणारा वायू. संयुक्त राष्ट्रांच्या अहवालानुसार २०२२ मध्ये जगात ६.२ कोटी टन ई-कचरा निर्माण झाला आणि त्यातील केवळ २२.३ टक्के कचऱ्याचे संकलन व पुनर्चक्रण रीतसर झाल्याची नोंद आहे.

वस्तूला ओळख देण्याचे तंत्र मात्र आपल्या खिशातच आहे. प्रत्येक मोबाइलला १५ अंकी आयएमईआय क्रमांक असतो. त्याचे पहिले ८ अंक मॉडेल सांगतात, पुढचे ६ अंक तो विशिष्ट फोन ओळखतात आणि शेवटचा अंक ताळा पाहण्यासाठी असतो. टीव्ही, फ्रिज किंवा बॅटरीसाठी क्यूआर कोड चालेल, पण तो दिसला तरच वाचता येतो. आरएफआयडी टॅगची, म्हणजे रेडिओलहरींवर वाचता येणाऱ्या छोट्या चिपची, गोष्ट वेगळी आहे: त्याच्या साध्या प्रकारात स्वतःची बॅटरी नसते, रीडरच्या रेडिओलहरींवरच तो जागा होतो आणि काही मीटरवरून, धुळीच्या थराखालूनही आपला क्रमांक कळवतो. धातूच्या पत्र्यावर साधा टॅग नीट काम करत नाही, म्हणून त्यासाठी वेगळ्या रचनेचे टॅग वापरावे लागतात.

तरीही टॅग हा या कामातला सोपा भाग आहे. खरी किंमत त्या क्रमांकामागच्या माहितीची आहे आणि ती उत्पादकाकडे असते. युरोपीय संघाने २०२३ च्या बॅटरी नियमावलीत हे ओळखले: १८ फेब्रुवारी २०२७ पासून तेथे विजेवर चालणाऱ्या वाहनांच्या बॅटऱ्यांना क्यूआर कोडवरून उघडणारा डिजिटल पासपोर्ट, म्हणजे त्या बॅटरीच्या माहितीची नोंद, असणे बंधनकारक ठरवले आहे. बॅटरीत कोबाल्ट आहे की ती लोह-फॉस्फेटची आहे, हे बाहेरच्या कवचावरून कळत नाही, आणि पुनर्चक्रणाची पद्धत व मिळणारा पैसा मात्र त्यावरच ठरतो.

या पासपोर्टमधली सविस्तर घटकसूची आणि बॅटरी सुटी करण्याची पद्धत ही माहिती सर्वांसाठी खुली नाही. ज्यांचा त्या कामाशी रास्त संबंध आहे, त्यांनाच ती पाहता येते. व्यापारी गुपिते सांभाळण्यासाठी ही अट समजण्यासारखी आहे, परंतु भारतात ती जशीच्या तशी आणली, तर माझ्या मते मोठी चूक होईल. आपल्याकडे १ एप्रिल २०२३ पासून लागू असलेल्या ई-कचरा नियमांत उत्पादकांवर पुनर्चक्रणाची जबाबदारी आहे, पण त्याचा हिशोब वजनावर चालतो आणि नोंदणीकृत कारखान्यांपुरता राहतो. प्रत्यक्षात कितीतरी वस्तू त्याआधी भंगारवाल्याकडे, तिथून एखाद्या लहानशा गाळ्यात पोचून सुट्या होतात. पारा कुठे आहे, कोणता वायू भरला आहे, बॅटरी कोणत्या बाजूने काढायची, एवढी माहिती तरी लॉगिनशिवाय, चित्रांसह आणि मराठी-हिंदीत साध्या फोनवर उघडली पाहिजे. मिश्रधातूंचे नेमके प्रमाण उत्पादकाने खुशाल कुलूपबंद ठेवावे.